चौथी फळी

बुलढाण्यात एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही चार-पाच मोठी माणसं लढाई खेळतो. टेबलावर बोटभर उंचीचे, हाताने रंगवलेले सैनिक मांडायचे, टेपने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे, कोण मेलं कोण वाचलं ते फाशांनी ठरवायचं. घरी सुरुवातीला वाटायचं की मी पत्ते कुटायला जातो. खरं काय ते सांगितल्यावर बायको म्हणाली, पत्तेच बरे होते.

मी धामणगाव बढ्याला गणित शिकवतो. पावणेदोन वर्षांपूर्वी ह्याच माडीवर मी भांडलो आणि अर्धी लढाई टाकून उठून गेलो. माझे पाच घोडेस्वार सरांच्या खिंडीतल्या तोफेला भिडले होते. सर म्हणाले, भिडले नाहीत, मोजण्यात चूक आहे. गणिताच्या मास्तराला मोजणं शिकवता? मी टेप आपटला, नको ते बोललो आणि जिना उतरलो.

चूक माझीच होती, आणि ते मला परतीच्या बसमध्ये, मोताळा यायच्या आतच कळलं होतं. प्रत्येक घोडेस्वार पुठ्ठ्याच्या चौकोनावर चिकटवलेला असतो. टेप पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला लावायचा आणि अंतर भरेल तिथे पुन्हा पुढचीच कड आणायची. मी तिथे मागची कड ठेवली होती, म्हणजे प्रत्येक घोडा एक पुठ्ठा फुकट चालला. एक फोन केला असता तर विषय मिटला असता. पण माझा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. आधी राग होता, मग लाज, आणि मग इतके महिने गेले की जायचं कुठल्या तोंडाने, हाच प्रश्न उरला. ते रविवार मला फार जड गेले, हे कबूल करतो.

गेल्या महिन्यात आमच्यातलाच एक, ज्याचं औषधांचं दुकान आहे तो, मला बाजारात भेटला. त्याने हालहवाल विचारली नाही.

"रविवारी येऊन राह्यला ना बे?" एवढंच म्हणाला. मी हाव म्हणून बसलो.

रविवारी मी माडीवर चढलो. मला परत घेतील का, आणि घेतलंच तर ती चूक सांगायला माझं तोंड उघडेल का, एवढंच डोक्यात होतं. सर चष्मा कपाळावर सरकवून एका तोफेच्या चाकाला काळा रंग देत होते.

"ये मास्तर, बस," ते म्हणाले. जणू मी मागच्या महिन्यातच येऊन गेलो होतो.

मी टेबलाकडे पाहिलं. हिरवा रंगवलेला भुसा चिकटवलेल्या चार फळ्या जोडून आमचं मैदान होतं. आता तीनच होत्या.

"चौथी फळी मोडली का, सर?"

औषधवाल्याने खिडकीजवळच्या कपाटाकडे बोट केलं. कपाटावर फळी आडवी ठेवलेली होती. तिच्यावर खिंड, खिंडीत सरांची तोफ, आणि तोफेला टेकलेले माझे पाच घोडे.

आमच्यात एक रीत आहे. ज्याची फौज त्याचाच हात. पालीने सैनिक पाडला तरी मालकाला फोन जातो.

"तुह्या घोड्याले कोन हात लावन?" सर म्हणाले. "बाकीची लढाई आम्ही त्याच दिवशी मिटवली. पन हे तुहं होतं."

म्हणजे माझ्या पाच घोड्यांपायी ही माणसं पावणेदोन वर्षं पाऊण मैदानावर लढत होती. औषधवाल्याने आणि मी मिळून फळी उतरवली. मी पहिला घोडा उचलला. खिडकीच्या उन्हाने भुसा पिवळट पडला होता, पण पुठ्ठ्याखाली तो जसाच्या तसा हिरवागार होता. मी तो घोडा एक पुठ्ठा मागे ठेवला. मग दुसरा. पाचही मागे घेतले, आणि पाच हिरवे चौकोन त्यांच्यापुढे उघडे पडले.

"मागची कड धरली होती, सर. मले त्याच दिवशी समजलं होतं. चुकलो."

"हाव," सर म्हणाले. "मग आता माही पाळी."

त्यांनी फासे टाकले. तोफेने माझे चार घोडे आडवे केले. सरांच्या पत्नीने, काकूंनी, गरम भजी आणून ठेवली होती. मी मेलेले घोडे डब्यात घातले आणि पहिलं भजं उचललं. इतकं हरून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना मी म्हणालो, "फळीचा रंग उडाला. पुढच्या रविवारी येऊन भुसा रंगवून देतो."

"पुढच्या रविवारी खेळ नाही बे," औषधवाला म्हणाला.

"तरी येतो."

सरांनी फळीवर बोट ठेवलं. "रंगव. पन हे पाच चौकोन राहू दे. तुले मोजाले कामी येतील."

मी रागावलो नाही. पुढच्या रविवारी गेलो, ब्रशने बाकीची सगळी फळी हिरवी केली, आणि त्या पाच चौकोनांभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवली.