फाटकाजवळचा फळा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही ‘पाँडरस’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारलात आणि मी विषय बदलला. आजीला येत नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. चांगला येतो. ज्यांच्याकडून आला त्यांच्यावरचा राग उसळला, म्हणून सांगितला नाही. आता लिहून कळवते.

सत्तरच्या दशकात नाशिकच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तिथे ते सर पर्यवेक्षक होते. दोन्ही तळवे तराजूच्या पारड्यांसारखे वर-खाली करत म्हणायचे, “शब्दाचं मूळ सांगा बाई, मूळ! अर्थ काय, कुणीही सांगेल.” आपण चहाचा कप उचलला की नेमका हा प्रश्न. उत्तर आलं नाही तर तळवे तसेच हवेत ठेवून, चहा निवेपर्यंत बघत राहायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

फाटकाजवळ त्यांचा फळा होता. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, मूळ आणि एक वाक्य. प्रार्थनेनंतर अख्खी शाळा ते वाक्य मोठ्याने वाचायची. फळ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पावसात शिपाई स्वतः भिजून त्यावर छत्री धरायचा.

तुमची आई तेव्हा माझ्या पोटात होती. मी नोकरीत कायम झाले नव्हते आणि त्यासाठी लागणारा शेरा त्यांच्या हातात होता. “राजीनामा द्या बाई, घरी बसा. वर्गात हे बरं दिसत नाही,” असं ते रोज ऐकवत. मी रोज जात होते.

एका सकाळी फळ्यावर ‘पाँडरस’ होता. अर्थ: अवजड, म्हणून मंद, कंटाळवाणा. मूळ: वजनासाठीचा लॅटिन शब्द, पाउंडही त्याच घराण्यातला. सगळं अचूक. खाली वाक्य: आपल्या नव्या बाईंची चाल पाँडरस आहे.

मुलं तोंडावर हात धरून हसत आत जात होती. मी पदराने तेवढं वाक्य पुसलं आणि लिहिलं: शाळेचं लोखंडी फाटक पाँडरस आहे.

“माझ्या फळ्याला हात?” ते मागूनच ओरडले.

“अर्थ तुमचा, मूळ तुमचं, सर. दोन्ही ठेवलंय. वाक्य माझं.”

“बघून घेईन, बाई.”

प्रार्थनेनंतर शाळेने फाटकाचंच वाक्य वाचलं. बाळंतपणानंतर मी परत गेले, तर माझ्या जागी दुसऱ्या बाई शिकवत होत्या. मग रोज एसटीने ओझरच्या शाळेत जाऊ लागले.

ऐंशीच्या दशकात एकदा ते बसथांब्यावर भेटले. हातात काठी, एकेक पाऊल ओढत येत होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या आईला पाहून तळवे पुन्हा वर गेले, काठी पडली. “इंग्रजी येतं का गं? मूळ सांगता येतं?” तिने वाकून काठी उचलून दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही, की ओळख दाखवली नाही, कोण जाणे.

त्यांच्या चालीला तो शब्द चपखल बसत होता. माझ्या जिभेवर आलाही होता. पण लेक शेजारी उभी होती. तिच्यासमोर मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं. दया वगैरे काही नव्हती.

आता सर नाहीत, फळाही नाही. शब्दाचं मूळ मला तोंडपाठ आहे, आणि राग आहे तसा आहे.