गाडी माझी, कर्ज दोघांचं

गाडी माझ्याकडे राहणार, हे गावाने ठरवलं होतं. बँकेला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

खारदांड्यात दोन भागीदार वेगळे झाले की होडीची वाटणी कशी करायची, हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. जाणती माणसं ओट्यावर बसतात, मध्ये ताटात विडा-सुपारी ठेवतात. होडी ज्याच्या वाट्याला जाते, तिच्यावरचं देणंही त्याच्याकडे जातं. दुसरा जाळी घेतो किंवा रोख घेतो, सुपारी उचलतो आणि विषय संपतो. नवऱ्याने आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा माझे वडील आणि सासरे याच पद्धतीने बसले. आम्हाला मूल नाही, घर भाड्याचं, त्यामुळे वाटण्यासारखी मोठी वस्तू एकच होती. सासऱ्यांनी गाडीची चावी ताटात ठेवली. मी चावी उचलली, नवऱ्याने सुपारी. पुढे कोर्टात कागद झाले, त्यातही वकिलाने ओळ घातली : गाडी पत्नीकडे, हप्ते पत्नी भरेल.

तो मुलुंडला राहायला गेला. हप्ता त्याच्या खात्यातून कापला जायचा, मी त्याला एक तारखेला पैसे पाठवायचे. माझ्या यादीत महिन्याचं पहिलं काम तेच असायचं.

गाडी मला हौसेसाठी नको होती. माझा धंदा तिच्यावर आहे. आई अजून माशांची पाटी घेऊन मालाडच्या बाजारात बसते. मी पदवी घेतली, काही वर्षं साकीनाक्याला एका कारखान्यात हिशेब लिहिले, मग कंटाळून आईच्याच धंद्यात आले, पण बाजारात बसले नाही. फोनवरच्या ग्रुपमध्ये ऑर्डर घ्यायची, दांड्याला बोटी लागल्या की माल उचलायचा, साफ करून बर्फाच्या डब्यांत भरायचा आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत सोसायट्यांमध्ये पोचवायचा. गाडी येण्याआधी हे सगळं रिक्षाने करून पाहिलं होतं. डबे बघितले की रिक्षावाला मान हलवायचा आणि निघून जायचा. उन्हात तासभर उभं राहिलं की बर्फाचं पाणी होतं आणि पापलेटाचे डोळे पांढरे पडतात. तसा माल मी कुणाला देत नाही.

वेगळं होऊन वर्ष होत आलं तेव्हा नवऱ्याचा फोन आला.

"मी तिकडे फ्लॅट बघितलाय. बँक म्हणते आधीचं लोन आहे ते संपवा, मग बोला. गाडी विकू या ना."

"गाडी माझी आहे. सगळ्यांसमोर ठरलंय."

"मला मान्य आहे गं. बँकेला सांग."

सांगायला मी दुसऱ्याच दिवशी अंधेरीच्या शाखेत गेले. कोर्टाचा कागद सोबत होता. समोरच्या अधिकारी बाईंनी तो नीट वाचला, परत घडी घालून माझ्या हातात दिला.

"मॅडम, हे तुमच्या दोघांत ठरलंय. आमच्याशी नाही. गाडी त्यांच्या नावावर आहे, कर्जावर दोघांच्या सह्या आहेत. ते फिटेपर्यंत कुणाचंच नाव निघणार नाही."

"आणि मी माझ्या एकटीच्या नावावर नवीन कर्ज घेऊन हे बंद केलं तर?"

"उत्पन्नाचे कागद आणा."

कागद कमी पडले. माझं रिटर्न एकाच वर्षाचं होतं, त्याआधी सगळी रोख. इतर दोन ठिकाणी विचारलं, तिथेही तेच. घरी येऊन यादीत 'नवीन कर्ज' या ओळीवर काट मारली.

आईला हे सगळं सांगितलं तर ती बँकेवर नाही, गाडीवर चिडली. "बँक बोलते त्याची, तर त्याचीच. मी नाय बसत दुसऱ्याच्या गाडीत." त्या दिवसापासून ती पाटी घेऊन पुन्हा बसने जायला लागली. मी मालाडवरूनच पुढे जाते, वाटेत सोडते, म्हटलं तरी ऐकेना. कितीतरी सकाळी मी रिकामी सीट घेऊन तिच्या बसच्या मागे मागे लिंक रोडने गेले.

नवऱ्याने मालाडचा जुन्या गाड्यांचा एक डीलर शोधला. मी भांडले नाही. किंमत किती येते हे कळल्याशिवाय भांडून उपयोग नव्हता. मी गाडी आतून-बाहेरून घासली, डिकीत लिंबू फिरवलं, कॉफीची पूड ठेवली आणि वेळेवर घेऊन गेले. तो मुलुंडहून आला होता. डीलर गोल फिरला, बॉनेट उघडून खूश झाला. मग आत बसून त्याने एसी लावला, आणि लगेच खाली उतरला.

"मॅडम, गाडी झकास आहे. पण एसीतून बोंबील येतोय."

"सुका की ओला?" नवऱ्याने विचारलं.

मला हसू आवरेना, त्यालाही. आम्ही दोघं एकत्र शेवटचे कधी हसलो होतो ते आठवत नाही. डीलरने मात्र हसत हसतच जो आकडा सांगितला, त्यात बँकेचं देणंसुद्धा फिटत नव्हतं. डिकीखाली बर्फाच्या पाण्याने गंज धरला होता, तोही त्याने दाखवला.

रस्त्यावर येऊन मी म्हटलं, "म्हणजे गाडी विकली तर गाडी जाणार, माझा धंदा जाणार, आणि वर आपण दोघं खिशातून भरणार."

"वाट लागली यार."

"नाही लागली. मला होळीपर्यंत वेळ दे. मी सगळं फेडते. तू फक्त सह्यांना ये. बोलावीन तेव्हा, बोलावीन तिथे."

"पैसे कुठून आणशील?"

"ते माझ्यावर सोड."

मी ते तिथे उभ्या उभ्याच ठरवलं होतं. पाटल्या, बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ. लग्नात आईने घातलेलं सोनं, माझ्या नावाचं, माझ्या कपाटातलं. विकायचं नाही, तारण ठेवायचं. सोन्यावर कर्ज देणारा उत्पन्नाचे कागद मागत नाही, आणि थोडं थोडं फेडून एकेक दागिना सोडवता येतो, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.

आईला वाईट वाटणार हे माहीत होतं. दांड्यात होळीला बाई अंगावर असेल नसेल ते सोनं घालून निघते. वर्षभर चिखलात पाय आणि हाताला खवले, त्या एका दिवसासाठी.

"होळी तोंडावर आली आणि तू सोनं ठेवतेस?" आईने हातातला कोयता खाली ठेवला. "लोक काय बोलतील, कळतं ना? नवऱ्याने सोडलं ते सोडलं, अंगावरचं पण घेऊन गेला."

"बोलू देत. कपाटातलं सोनं मला बोरिवलीला नेत नाही, आई."

"माझं घाल मग होळीला."

"नको. तुझं तुझ्या गळ्यात दिसू दे."

सोनं ठेवायला गेले त्या सकाळी तिने माझी बोरमाळ फडक्याने पुसली आणि स्वतः डबीत भरली. मिळालेल्या पैशांतून मी त्याच दिवशी बँकेचं कर्ज पूर्ण बंद केलं. पावती घेतल्याशिवाय काउंटरवरून हलले नाही.

होळीला मी नवीन लुगडं नेसून मोकळ्या गळ्याने गेले. बायकांचे डोळे आधी गळ्यावर, मग हातांवर जात होते. शेवटी माझ्या चुलत जावेने विचारलंच.

"माळ कुठे गं तुझी?"

"गाडीत घातली. नाक्यावर उभी आहे, जाताना बघून घे."

ती हसली, बाकीच्याही हसल्या. कुणीतरी मला हाताला धरून नाचात ओढलं. कमरेवर नुसते हात ठेवून नाचायला हलकं वाटलं, हे खरं सांगते.

बँकेचा ना हरकत दाखला हातात पडल्यावर मी नवऱ्याला अंधेरीच्या आरटीओत बोलावलं. दोन कामं होती : गाडीच्या नोंदीवरून बँकेचा बोजा उतरवायचा आणि मालक बदलायचा. अर्ज भरून, खुणा करून नेले होते. तो अर्धा तास उशिरा आला, पण आला.

"इथे, इथे आणि मागच्या पानावर," मी म्हटलं.

"लग्नात पण एवढ्या सह्या नव्हत्या."

"तेव्हा तू वाचत पण नव्हतास. आता वाच."

त्याने खरंच वाचलं, मग सही केली. बाहेर आल्यावर थोडा वेळ घुटमळला. म्हणाला, "तिकडे करंदी चांगली मिळत नाही."

"ग्रुपवर ऑर्डर टाक. मुलुंडला पोचवायचे वेगळे पैसे पडतील."

"मला पण?"

"तुला पण. आधी पाठवायचे."

विमाही मी त्याच आठवड्यात माझ्या नावावर करून घेतला, कारण तोही दुसऱ्याच्या नावावर राहतो हे लोकांना अपघात झाल्यावर कळतं. सासऱ्यांना सगळं जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग आमची सुपारी फुकट गेली." मी म्हटलं, "फुकट नाही गेली. तुमच्या शब्दामुळेच तो सहीला आला. पण पुढच्या वेळी कुणाच्या गाडीच्या वाटणीला बसाल तेव्हा चावी ताटात ठेवण्याआधी त्या दोघांना बँकेत पाठवा." त्यांनी मान डोलावली.

नवीन आरसी टपालाने आली तेव्हा आई ओट्यावर बोंबील साफ करत होती. तिला वाचता येत नाही. हात धुऊन, पदराला पुसून तिने ते कार्ड उन्हात धरलं.

"यात कुठे तुझं नाव?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"आणि त्याचं?"

"नाही."

"बँकेचं?"

"तेही नाही."

तिने कार्ड परत दिलं आणि पुन्हा बोंबील साफ करायला घेतले. सोनं अजून तारणच आहे, एक तारखेचा हप्ता अजून भरते. पाटल्या आधी सोडवायच्या, बोरमाळ नंतर, पुतळ्यांना वेळ लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे डिकीत लावत होते. आई पाटी घेऊन आली, बस स्टॉपच्या दिशेने गेली नाही. तिने पुढचा दरवाजा उघडला, पाटी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "चल लवकर, मालाडला जागा जाईल माझी."