सासूबाईंची पाहणी

पायी चालण्याजोग्या रस्त्यांना अनुदान द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर एक बाई आहेत. आम्ही इंजिनिअर मंडळी त्यांना नुसतं मॅडम म्हणतो. कोणाचंही सादरीकरण त्या मान डोलावत ऐकतात, "छान, छान" म्हणतात, मग पर्स उचलून म्हणतात, "चला, आता चालून बघू." तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो.

काळेवाडीत आम्ही नमुन्यादाखल बांधलेला फुटपाथ बघायला त्या आल्या, तेव्हा सोबत काठी टेकत एक आजी होत्या.

"या माझ्या सासूबाई, चऱ्होलीच्या," मॅडम म्हणाल्या आणि हळूच पुढे म्हणाल्या, "गुडघे थकलेत, तोंड नाही. वस्तीपासून बसस्टॉपपर्यंत यांना एकट्यानं जाता आलं, तर माझी सही."

आजी निघाल्या, आम्ही मागे. वाटेत फुटपाथवर एक बुलेट उभी होती. आजींनी तिला काठीनं ढोसलं. "कुणाची हाय रं ही म्हस?" मालक पळतच आला. आजी बसस्टॉपवर पोचल्या, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तेवढ्यात बस आली आणि आजी सरळ चढल्या.

"अहो आई, कुठे निघालात?" मॅडम ओरडल्या.

"लेकीकडं, चिंचवडला!" आजी खिडकीतून म्हणाल्या. "एवढं सोपं हाय व्हय? मला वाटायचं, तुमी नेल्याबिगर जाताच येत न्हाई!"

बस सुटली. मॅडमनी तिथेच सही केली आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, रस्ता छान झालाय. आई गेल्या."

पलीकडून काय आलं कोण जाणे. मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "अहो, बसनं!"