सासरी उपाशी राहणारी बॅटरी

"माह्या दुकानातून पोटभर जेवून जाते, शेठ! तुमच्या घरी गेली का आठ दिवसांत उपाशी! मंग खोट कोनात हाय, माहेरात का सासरात?"

"अरे, बॅटरी हाय का लेक हाय तुही?"

"लेकच समजा! मी लेक पाठवून राहिलो, आन् तुमी तिले नीट नांदवत नाही!"

अड्याळच्या भर बाजारात मंगरू बॅटरीवाला आणि कापडवाला टेकचंद यांचं हे भांडण झालं, तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. टेकचंदची बायको कौशल्याबाई शेजारच्या दुकानात बांगड्या भरत होती. एक हात कासारणीच्या हातात आणि दोन्ही कान बाहेर.

भांडण टेकचंदच्या फियाटीवरून होतं. सासऱ्यांनी भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली काळी गाडी. कौशल्याबाई सानगडीहून नवरी होऊन आली ती याच गाडीत, मागच्या सीटवर चार करवल्यांमध्ये चेपून. हल्ली गाडी आठवडाभर चालायची आणि आठव्या दिवशी मुकी व्हायची. मग टेकचंद बॅटरी काढायचा, पोत्यात गुंडाळायचा आणि स्कूटरवरून मंगरूकडे टाकायचा.

मंगरूचं दुकान म्हणजे टिनाचं खोपटं. भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, खाली बॅटऱ्यांची रांग. काचेच्या पिचकारीनं तो बॅटरीतलं तेजाब वर ओढायचा, आतली गोळी किती तरंगते ते बघायचा आणि दवाखान्यातल्या डॉक्टरसारखं तोंड करायचा. समोरचा माणूस घाबरला की म्हणायचा, "काई नाही, भूक लागली तिले." जिभेचा असा तिखट, की त्याची बायको बायजाबाई म्हणायची, "पिचकारी कायले लागते तुमाले? जीभच बुडवा ना तेजाबात, तिले काई होत नाही."

तर भांडण बाजारानं ऐकलं आणि बाजार उठायच्या आत विसरलाही. कौशल्याबाईनं मात्र ते मनावर घेतलं. तिला दोन मुलगे, लेक नाही. आपल्या घरात कोणाची लेक नीट नांदत नाही, हे बोलणं तिला बांगडीच्या काचेसारखं रुतलं. आणि नीट नांदवायचं म्हणजे काय, ते काय कोणी तिला शिकवायला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी बॅटरी घरी आली. टेकचंद चहाला आत गेला तेवढ्यात तिनं अंगणातच बॅटरीला ओवाळलं. कुंकू लावलं तर ते उडून जायचं. म्हणून मारुतीचा, तेलात कालवलेला शेंदूर आणला. बॅटरीच्या डोक्यावरची दोन शिशाची टोकं तिला कपाळासारखी दिसली. दोन्हींना अंगठाभर शेंदूर लावला. टेकचंदची नजर अधू, चष्मा फक्त वहीपुरता. तो आला आणि त्या टोकांवर वायरीचे चिमटे आवळून मोकळा झाला.

बॅटरी तीन दिवसांत उपाशी पडली.

मंगरूनं पुन्हा जेवू घातलं. बॅटरी पुन्हा घरी आली. कौशल्याबाईनं या वेळी शेंदूर जरा जास्त लावला. गाडी जितकी रुसली, तितका शेंदूर वाढला. भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं डायनामो खोलून पाहिला, म्हणाला, "हा तर मस्त करंट देते!" टेकचंदनं नवी बॅटरी घेतली. कौशल्याबाईनं तिलाही ओवाळलं, शेंदूर लावला. तीही उपाशी.

शेवटी टेकचंद वैतागला. "शुक्रवारी भंगारवाल्याले बोलावलं हाय. घेऊन जाईल एकदाची."

कौशल्याबाईनं ते ऐकलं. ज्या गाडीतून आपण या घरात आलो, ती घणानं फोडणार! गुरुवारी ती स्वतःच मंगरूच्या खोपटासमोर उभी राहिली.

"मंगरूभाऊ, आतापर्यंत लेक पाठवत होते ना? आता एकदा सासर पाहून जा."

मंगरू कधी कोणाच्या घरी जात नसे. पेशंट इथं आणा, असा त्याचा कायदा. पण या बोलण्यावर त्यानं पान्हा खिशात घातला. सायकल घेऊन आला.

"वैनी, गाडीत बसा. मी म्हनलो का सेल्फ दाबा."

टेकचंद हाताची घडी घालून उभा. "आता काय नाडी पाहून राहिला का?"

"नाडीच पाह्यतो, शेठ. जिथं वायर तापते, तिथं दुखनं. दाबा, वैनी!"

गाडी कण्हली. मंगरूचा तळहात वायरीवरून सरकत गेला. थंड, थंड, थंड. "पुन्हा दाबा!" बॅटरीच्या टोकाशी आला आणि त्यानं हात झटकन मागे घेतला. चिमटा तव्यासारखा तापला होता. पान्ह्यानं त्यानं चिमटा उकलला. आतून जुना गंज होताच, त्यावर आता लाल, चिकट, मेणासारखा थर. करंट डायनामोतून निघून दारापर्यंत यायचा आणि दारात शेंदूर भरलेला. आत जेवण जाणार कसं? दुकानात मंगरू चार्जरचा दातेरी चिमटा लावायचा, तो शेंदूर फोडून थेट शिशाला चावायचा. म्हणून तर ती माहेरी जेवायची.

मंगरूनं बोट नाकाशी नेलं. मग गाडीत बसलेल्या कौशल्याबाईकडे पाहिलं. तिनं उजव्या हाताचा अंगठा पदराखाली घेतला.

"काय निघालं?" टेकचंद पुढे सरकला.

"गंज हाय, शेठ."

"लाल काहून दिसून राहिला?"

"लोखंडाचा गंज कधी हिरवा पाह्यला का तुमी? जा, गरम पानी आन् खायचा सोडा आना."

टेकचंद आत गेला. मंगरू खिडकीपाशी वाकून हळूच म्हणाला, "शेंदराचं मी काई बोलत नाही, वैनी, तो तुमचा मामला. पण त्यातलं तेल माह्या धंद्यात येते. लेकीले टिळा लावा, पण कपाळाले लावा. हे तिचं तोंड हाय!"

"मले काय ठाऊक! तुमीच तर म्हनले, नीट नांदवा म्हणून!"

 मंगरूनं टोकं घासून पांढरी केली, चिमटे आवळले, मग वरून व्हॅसलिन फासलं आणि बॅटरीच्या खोक्यावर खडूनं एक गोल काढला. "हे कपाळ."

शुक्रवारी भंगारवाला आला, तेव्हा टेकचंद त्याच गाडीत बसून लाखनीला गेला होता. कौशल्याबाईनं भंगारवाल्याला चहा पाजून परत धाडलं.

त्यानंतर मंगरूनं स्वतःचा कायदा मोडला. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो येऊ लागला. दसऱ्याला तो नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, म्हणून आदल्या दिवशी. अशी अकरा वर्षं. बाराव्या वर्षीच्या थंडीत मंगरू वारला, पण त्याआधीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीही तो आला होता. सायकल आता चालवत नसे, हातानं ढकलत आणली. सहाही बुचं उघडून बॅटरीचं पाणी पाहिलं, दोन कप्प्यांत थोडं घातलं. कौशल्याबाईनं सेल्फ दाबला. त्यानं वायरीवर तळहात फिरवला.

"थंड हाय. सासरी जीव रमला पोरीचा."

"अकरा वर्षं झाली, मंगरूभाऊ, अजून पोरगीच का? नातवंडं झाली असती तिले!"

"मंग टिळा लावा लवकर, म्हातारीले."

कौशल्याबाईनं शेंदराच्या वाटीत अंगठा बुडवला आणि मंगरूनं नव्यानं गिरवलेल्या खडूच्या गोलात बरोबर टिळा लावला. तोवर मंगरू अंगणातल्या सीताफळाच्या झाडाकडे पाहत राहिला, दरवर्षी पाहायचा तसा. मग बॅटरीच्या पाण्याची बाटली कॅरिअरला बांधली, बशीतला चहा फुंकून प्याला आणि सायकल ढकलत निघाला. सकाळची नागपूरची बस धरायची होती.