पिंपळनेरच्या अक्का आणि आठ फोटोंचा रोल

सुमनला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा मी पिंपळनेरला जायचं ठरवलं. सुमन माझी बायको. गोष्ट सत्तरच्या दशकातली. जुना घडीचा कॅमेरा हाती असून मी देवळं, डोंगर, बाजार टिपत राहिलो. तिचा एक धड फोटो काढायचा राहूनच गेला. पिंपळनेरला राहणारी तिची थोरली बहीण, अक्का, अगदी तिच्यासारखी दिसते असं सगळे म्हणत. नुकताच इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घेतला होता. तोवर दर फोटोला फ्लॅशचा एक बल्ब जळायचा.

जळगावहून सकाळची एसटी धरली. कंडक्टरला सवयीने म्हणालो, "दोन धुळे."

"दुसरं कोण?" त्याने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"एकच द्या."

पारोळ्यापुढे गाडी फार आदळते. कॅमेरा मांडीवरच धरावा. धुळ्याला स्टँडबाहेर शेवभाजी-भाकरी खाऊन घ्यावी, पुढच्या गाडीचा नेम नसतो. मी दोन तास बसलो. कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. साक्रीनंतर डोंगर जवळ येतात आणि गाडी रिकामी होत जाते.

अक्का विधवा, घरात एकट्याच. "बसा पाव्हणा, बठ्ठं घर तुमनंच शे," त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, सगळं घर माझंच आहे म्हणून.

आत अंधार होता, म्हणून फ्लॅश लावला. मान जरा कलती करा, पदर थोडा मागे घ्या, असं सांगत राहिलो. सुमन बसायची तसं. लखकन उजेड पडे, मग फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. असे सात फोटो झाले.

"पाव्हणा," अक्का म्हणाल्या, "मना फोटो काढाले उनात, का तिना?"

माझा फोटो काढायला आलात की सुमनचा, असं त्या विचारत होत्या आणि मी फिल्म पुढे सरकवत होतो. त्या उठून ओट्यावर ज्वारी पाखडायला बसल्या. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. फ्लॅश काढून तो मी उन्हात घेतला, त्यांना काहीही न सांगता.

घरी येऊन फिल्म धुतली. सात चौकटी कोऱ्या. कॅमेऱ्यावरचा बारीक खटका बल्बच्याच खुणेवर राहिला होता. बल्ब पेटायला क्षणभर लागतो, म्हणून त्या खुणेवर शटर उशिरा उघडतं. तोवर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश चमकून विझलेला असतो. असा कॅमेरा घेऊन निघालात तर खटका एक्सवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या खुणेवर आहे ना, ते आधी पाहा.

आठवी चौकट स्वच्छ आली होती. त्यात सुमन कुठेच नव्हती. रुंद कपाळ, सुपावर झुकलेली मान, ओठांवर दाबलेला राग. त्या अक्का होत्या, आणि मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहत होतो.

सुमनचा फोटो राहिला तो राहिलाच. अक्कांचा मोठा करून पाठवला आणि पत्रात कबूल केलं की मी सुमनच्या चेहऱ्यासाठीच आलो होतो. उत्तर आलं, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. दोनच ओळी होत्या: "दिवाळीला इकडेच या. मीही एकटीच असते."