खाडीकाठचं आवळीभोजन

त्या साली देवाशी माझा अबोला होता. दोन लेकरं पाळण्यातच गेली, यमू तेवढी उरली. सासूबाई म्हणायच्या, "अगं, नवस बोल." मी फणकारायची, "बोलून बोलून जीभ झिजली माझी!" फटकळ होतेच मी, अजूनही आहे.

आम्ही मूळचे देशावरचे. यजमानांना रेल्वेत नोकरी लागली म्हणून कल्याणला आलो. कार्तिकात आळीतल्या बायका खाडीकाठच्या आवळीखाली भोजनाला निघाल्या, तशा आम्हीही निघालो. काय दिवस होते ते! कोवळं ऊन, पोरींच्या फुगड्या, फांदीला बांधलेला झोका आणि पाण्यावर थंडीची पाहुणी बदकं, थवेच्या थवे. त्यांतला विटकरी रंगाचा चक्रवाक बघायला यमू टाचा उंच करायची. आठवलं की आजही जीव तिकडे ओढ घेतो.

आवळीची पूजा झाली. यमूने द्रोणात दिवा लावून काठावरून पाण्यात सोडला. आम्हां देशावरच्यांना नदी एकाच दिशेने वाहते एवढंच ठाऊक; खाडीचं पाणी मागे हटतं नि परत चढतं, हे कुठलं माहीत? आम्ही स्वयंपाकात गुंतलो, ओहोटीने दिवा दूर नेला आणि त्याच्यामागे पोरगीही गेली.

पानं मांडली तेव्हा यमू दिसेना. हाका मारून घसा बसला. समोर नुसता चिखल, पुढे तिवरांची दाट झाडी. कोणीतरी म्हणालं, "आता भरती चढेल हो!" नवस बोलायला तोंड उघडलं, पण देवाला द्यायचं काय, सुचेचना. एवढंच निघालं, "तुझीच आहे ती. तू बघ." तेवढ्यात तिवरांपलीकडून बदकांचा थवा फडफडत उठला. मी काठाकाठाने तिकडेच धावले. पोचते तो मिठागरातली एक बाई फळीवर पालथी पडून, कमरेपर्यंत रुतलेल्या यमूच्या बगलेत हात घालत होती. "हालू नको गो बाय, हालू नको!" तिने ओढून पोर माझ्या पदरात टाकली, तेव्हा पाणी फळीला लागलं होतं.

मी तिचे पायच धरले. ती संकोचून मागे सरली. "मी काय केला गो? पाखरां उठली म्हनून बघला." यमूला विचारलं, "ओरडलीस होय गं?" ती हुंदके देत म्हणाली, "नाही गं आई, आवाजच फुटेना." मग पाखरं कशाने उठली? मी कोणाला विचारत बसले नाही. आवळीखाली यमूला कुशीत घेऊन पोटभर रडले. सोवळ्याच्या कडक सासूबाईंनी त्या बाईला आपल्या हाताने पहिलं पान वाढलं.

पुढे यमूचं लग्न ठाण्यात ठरलं. कन्यादानाच्या वेळी सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. माझे डोळे कोरडेच. जाऊबाई म्हणाल्या, "कशी गं तू दगडाची!" मी नुसती हसले. लेक तर मी त्या दुपारी खाडीकाठीच देवाला देऊन टाकली होती. मधली सगळी वर्षं त्याने मला वरकड दिली.