मालकांचे चाकू आणि नातीची भरती

आमच्या मालकांना घडीचे चाकू जमवायचा नाद होता. ते पाटसच्या साखर कारखान्यात फिटर होते. हंगामाला उत्तरेकडचे कामगार यायचे, त्यांच्यातल्या एकाकडून त्यांनी पहिला रामपुरी घेतला. खटका दाबला की पातं बाहेर येणारा. मग एका निवृत्त फौजीकडून लढाईतला घेतला, दोन्ही बाजूंनी धार असलेला. मग कलमं बांधायचा, मग मुठीत चार पाती असलेला. असं करत पत्र्याचा डबा भरला. त्यातल्या एकानेही घरात कधी लिंबू कापलं गेलं नाही.

"कापायचं न्हाई तर आणता कशाला?" मी विचारायचे.

"बायका पाटल्या करून ठेवतात, त्या काय रोज घालतात व्हय?"

मला पाटल्या नव्हत्याच. पण त्यांना ते बोलायला बरं वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी डबा उघडून ते चाकूंना तेल द्यायचे आणि मला इतिहास सांगायचे. रामपूरला या कामाच्या गल्ल्या होत्या, सिनेमातल्या गुंडांनी त्या चाकूचं नाव घालवलं, मग सरकारने पात्याच्या लांबीवर बंधन आणलं आणि कारागीर बसून राहिले. खरं किती, खोटं किती, मला कळायला मार्ग नव्हता. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऐकता ऐकता मी भाजी निवडायचे.

नोकरी संपल्यावर आम्ही कवठे येमाईला परत आलो. पुढे ते वारले. डबा राहिला. दर खंडेनवमीला ते कोयता, विळा, नट आवळायचे पाने यांच्या शेजारी चाकूही पूजेला मांडायचे, म्हणून मीही मांडत गेले. त्यामागे भक्ती वगैरे नव्हती. एवीतेवी त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पुसायचंच असतं.

गेल्या खंडेनवमीला नात म्हणाली, "आजी, यंदा मी मांडते." नात म्हणजे मुलाची मुलगी. पोलीस भरतीत ती मैदानी आणि लेखी दोन्ही पास झाली होती, निवडयादीत नाव होतं. फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. तिने झेंडूच्या भोवती चाकू पंख्यासारखे उघडून मांडले, फोटो काढला आणि मोबाईलवर स्टेटस ठेवलं. खाली लिहिलं, 'आजोबांची हत्यारं'.

दुसऱ्या दिवशी गावचे पोलीस पाटील दारात.

"काकू, पूजेचा फोटू कुणी टाकलाय?"

"नातीनं. का, फुलं कमी पडली?"

"फुलं ऱ्हाऊ द्या. फुलांच्या कडंनी काय हाय ते ठाण्यात दिसलंय. त्यांना ते चाकू बघायचेत."

नातीचा चेहरा पांढरा पडला. हत्यारं दाखवून फोटो टाकला म्हणून पोरांवर गुन्हे दाखल होतात, हे तिने अभ्यासात वाचलं होतं. वाचूनही टाकला. पूजा आहे, म्हणजे चालतं, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं.

"गुन्हा दाखल झाला तर पडताळणीत येतो का?" मी पाटलांना विचारलं.

"येतो की."

मग मी चौकशी सुरू केली. एक म्हणाला, नऊ इंचांच्या आतलं पातं चालतं. दुसरा म्हणाला, सहा. तिसरा म्हणाला, इंचाचं काही नाही, खटका असला की गुन्हा. गावातला फौजी म्हणाला, "काकी, दोन्हीकडून धार असंल तर सोडत न्हाईत." आणि कोयता? कोयता हातभर लांब, त्याने माणसाचे दोन तुकडे होतील. तर सगळे म्हणाले, कोयत्याचं काही नाही, तो शेतीचा. माझं डोकं चालेना. शेवटी ज्याला चाकू बघायचेत त्यालाच दाखवावेत असं ठरवलं. डबा पिशवीत घातला, नातीला घेतलं आणि जीपने शिरूर गाठलं.

ठाण्यात फौजदार मॅडम होत्या. मी डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. त्यांनी आधी चाकू बघितले, मग मला.

"आजी, हे कसं आणलंत?"

"जीपनं."

"पिशवीत घालून? माणसांमध्ये बसून?"

"मग काय हातात धरून आणायचे?"

शेजारचा हवालदार हसला. मॅडम हसल्या नाहीत. "घरात पूजेला होते ती गोष्ट वेगळी. हत्यार घेऊन बाहेर फिरायला मनाई आहे. आम्ही घरी येऊन बघणार होतो."

"पाटील तसं बोलले न्हाईत. म्हणले, बघायचेत. मी दाखवायला आणले."

हवालदाराने पट्टी आणली. एकेक पातं मोजलं. कलमाचा चाकू बाजूला सरकवला, चालतो म्हणाला. दोन्हीकडून धारेचा, फौजीकडून घेतलेला, अलग ठेवला. खटक्याचा रामपुरी तर बोटाएवढ्या पात्याचा, तोही अलग ठेवला.

"एवढासा?" मी म्हणाले. "माझा कोयता याचा आजा शोभंल."

"कोयता शेतात असला तर अवजार. रस्त्यावर दिसला तर हत्यार."

"आन् बांधावर?"

"आजी, गप बसा," नात पुटपुटली.

मग मॅडमनी विचारलं, "स्टेटस कोणी ठेवलं?"

नातीने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय ठेवला. "घर माझं, डबा माझा, पूजा माझी. मीच म्हणलं ठेव."

"तुम्हाला स्टेटस म्हणजे काय ते माहीत आहे?"

"चार लोकांनी बघावं म्हणून लावत्यात."

मॅडमनी नातीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केस बारीक कापलेले, उन्हाने रापलेली, पायात पळायचे बूट. "भरतीतली का ही?"

"व्हय."

त्यांनी अलग ठेवलेले दोन चाकू स्वतःकडे ओढले. मग हवालदाराला म्हणाल्या, "आजींचा जबाब घ्या. पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडा." जबाब असा: चाकू नवऱ्याचे, ताबा माझा, फोटो माझ्या सांगण्यावरून, पुन्हा असं होणार नाही, दोन चाकू मी स्वखुशीने जमा करते आहे. हवालदाराने वाचून दाखवलं आणि मी सही केली. मॅडमनी नातीचा मोबाईल घेतला, फोटो स्वतः पुसला आणि तिच्या हातात दिला.

उरलेले चाकू मी परत डब्यात भरले. "आता हे न्यायचे कसे?" मी विचारलं.

"कुठे थांबू नका. सरळ घरी जा," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे पुन्हा जीपनेच. येताना चुकलं ते जाताना कसं बरोबर झालं, हे मी विचारणार होते, पण नातीने दंडाला धरून बाहेर काढलं.

स्टँडवर ती म्हणाली, "आजी, पडताळणीत ते कागद निघाले तर?"

"माझं नाव निघंल. मला कुठं भरती व्हायचंय?"

पडताळणी झाली. नातीच्या नावापुढे काही निघालं नाही. ती ट्रेनिंगला गेली. तिथे कायदा शिकवतात म्हणून मी फोनवर विचारलं, त्या दोन चाकूंचा गुन्हा नेमका काय होता.

"आजी, ते कुठं हाय आन् कुणाच्या हातात हाय, त्याच्यावर असतं."

"हे मला ठाण्यातच सांगितलं होतं की," मी म्हणाले. "तुला निराळं काय शिकवलं?"

ती म्हणाली, अजून पुस्तक अर्धंच झालंय.